आजीचं उष्टं, मेंढ्यांची खाज आणि प्रायॉन

जानेवारी २०२४ मध्ये लंडनच्या संशोधकांची एक बातमी आली. आपल्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत ती पोचेस्तोवर तिचं एकच वाक्य उरलं होतं: अल्झायमर एकाचा दुसऱ्याला होतो. जुळे सोलापुरातल्या एका वहिनींनी मला ते वाक्य दाखवून विचारलं, "सासूबाई आता माणसं ओळखत नाहीत. आमचा बारका त्यांच्याच ताटात बसतो, उष्टं खातो. वेगळं ताट करू का?"

नाही, करू नका. आजीच्या ताटात जेवल्यानं, तिच्याजवळ झोपल्यानं, तिचा मुका घेतल्यानं किंवा तिचं हगणं-मुतणं काढल्यानं विसराळूपणाचा आजार कुणालाही होत नाही. वहिनींचं एवढ्यावर समाधान झालं नाही आणि ते बरोबरच होतं, कारण बातमी खोटी नव्हती. ब्रिटनमध्ये १९५९ ते १९८५ या काळात उंची न वाढणाऱ्या मुलांना वाढीच्या हार्मोनची इंजेक्शनं देत. ते हार्मोन मेलेल्या माणसांच्या मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून काढलेलं असे. त्यातल्या काही जणांना पुढे एक जीवघेणा मेंदूविकार झाला आणि १९८५ मध्ये हा प्रकार बंद पडला. तशी इंजेक्शनं घेतलेल्या पाच जणांना तरुण वयातच अल्झायमरसारखी लक्षणं दिसल्याचं २०२४ च्या अभ्यासात आलं. म्हणजे मेलेल्या माणसाच्या ग्रंथीचा अर्क वर्षानुवर्षं टोचून घ्यावा लागला तेव्हा हे घडलं. ताटात जेवून नव्हे.

पण प्रश्न उरतोच. त्या अर्कात होतं काय? जंतू नव्हता, विषाणू नव्हता. मग एकाच्या मेंदूतलं दुखणं दुसऱ्याच्या मेंदूत गेलं कसं? याचं उत्तर शोधण्यात ज्याची सगळी हयात गेली, त्याचं नाव स्टॅनली प्रुसिनर. त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय नीट समजत नाही, असं माझं मत आहे. नुसती व्याख्या सांगितली की लोक मान हलवतात आणि घरी जाऊन ताट वेगळं करतात.

प्रुसिनर यांचा जन्म १९४२ चा, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला. वैद्यकीची पदवी घेऊन त्यांनी काही काळ जिवाणूंमधल्या एन्झाइमवर काम केलं. म्हणजे मूळचा पिंड जीवरसायनाचा, हे पुढे फार उपयोगी पडलं. जुलै १९७२ मध्ये ते सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मेंदूविकारांच्या विभागात निवासी डॉक्टर म्हणून लागले. दोनच महिन्यांत त्यांच्याकडे एक बाई दाखल झाल्या. आठवण जात होती, रोजची साधी कामं जमेनाशी झाली होती. निदान झालं क्रॉइट्झफेल्ट-याकोब, डॉक्टर मंडळी ज्याला थोडक्यात सीजेडी म्हणतात ते. हार्मोनची इंजेक्शनं घेतलेल्या काहींना झालेला तो जीवघेणा विकार हाच. साध्या अल्झायमरमध्ये माणूस आठ-दहा वर्षं हळूहळू खालावतो. सीजेडीत बहुतेक रुग्ण वर्षभरसुद्धा काढत नाहीत. कारण म्हणून 'संथ विषाणू', म्हणजे शरीरात शिरून वर्षानुवर्षं गप्प राहणारा विषाणू, असं सांगितलं जाई. प्रुसिनर यांना खटकलं ते निराळंच: विषाणू म्हणता, तर ताप कुठे आहे? पांढऱ्या पेशी का वाढल्या नाहीत? शरीराला आपल्यात कुणी परका घुसलाय याचा पत्ताच नाही, असं कसं?

या आजाराचा भाऊ मेंढ्यांमध्ये होता. युरोपात तो अडीचशेहून अधिक वर्षं माहीत आहे, त्याला स्क्रेपी म्हणतात. मेंढीला इतकी खाज सुटते की ती कुंपणाला, भिंतीला अंग घासून लोकर सोलून काढते. मग तोल जातो, मग मरते. मेंदूचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की स्पंजासारखी भोकं दिसतात. भारतातही हिमालयाच्या पायथ्याच्या मेंढ्यांत हा आजार दिसल्याचं १९६१ मध्ये प्रसिद्ध झालं होतं. सोलापूरकर भेजा फ्राय आवडीनं खातात, म्हणून त्यांनी विचारायच्या आतच सांगतो: इतकी शतकं युरोपातल्या लोकांनी मेंढीचं मांस खाल्लं, पण मेंढीची स्क्रेपी माणसाला झाल्याचा पुरावा मिळालेला नाही.

स्क्रेपी विचित्र आहे हे लोकांना आधीपासून कळून चुकलं होतं. १९३० च्या दशकात स्कॉटलंडमध्ये मेंढ्यांच्या दुसऱ्याच एका रोगावर लस काढली. ती मेंढ्यांच्या मेंदूपासून बनवलेली आणि फॉर्मॅलिननं मारलेली. फॉर्मॅलिनपुढे कुठलाही विषाणू टिकत नाही. तरीही लस टोचलेल्या मेंढ्यांत दोन वर्षांनी स्क्रेपी उफाळली. पुढे १९६० च्या दशकात टिकवा आल्पर या शास्त्रज्ञ बाईंनी लंडनमध्ये स्क्रेपीच्या नमुन्यावर किरणांचा मारा केला. जनुकाचा धागा ज्या किरणांनी तुटतो, त्यांनीसुद्धा त्याची बाधा करण्याची ताकद जाईना. १९६७ मध्ये ग्रिफिथ नावाच्या एका गणिती माणसानं कागदावर मांडून दाखवलं की नुसतं प्रथिन स्वतःसारखीच प्रथिनं वाढवू शकेल असे मार्ग असू शकतात. त्यामुळे "प्रथिनानं रोग पसरतो ही कल्पना प्रुसिनरची" असं कुणी लिहिलं तर ते अर्धवट आहे. कल्पना हवेत होती. ती काचेच्या नळीत आणून दाखवायचं काम प्रुसिनर यांनी केलं, आणि तेच अवघड होतं.

इथे थोडं थांबू, कारण बहुतेक लेख नेमका हाच भाग उडवून थेट नोबेलवर उडी मारतात. रोग देणारा पदार्थ कोणता हे शोधायचं तर तो शुद्ध करावा लागतो. मेंदू वाटायचा, त्याचे भाग पाडायचे, आणि रोगाची ताकद कोणत्या भागात गेली ते पाहायचं. पण ती ताकद मोजायची कशी? एकच मार्ग: तो भाग उंदराच्या मेंदूत टोचायचा आणि उंदीर आजारी पडायची वाट पाहायची. नमुना किती विरळ करेपर्यंत उंदीर मरतात यावरून ताकद ठरवायची. अशा एकाच नमुन्याच्या मोजणीला साठ उंदीर आणि जवळपास एक वर्ष लागे. आज प्रयोग केला, पुढच्या वर्षी कळलं की चुकीचा भाग उचलला होता. कुठल्याही माणसाचा धीर सुटेल असलं काम. मोंटाना राज्यातल्या प्रयोगशाळेत विल्यम हॅडलो आणि कार्ल एक्लंड या दोन अनुभवी माणसांबरोबर प्रुसिनर यांनी काही वर्षं हेच केलं.

मग त्यांनी उंदीर सोडून हॅमस्टर धरले. हॅमस्टरमध्ये स्क्रेपी लवकर उमटते, हे इतरांनी दाखवून ठेवलेलं होतं. प्रुसिनर यांच्या गटानं त्यावरून मोजण्याची पद्धत बदलली: विरळ करत बसायचं नाही, प्राणी किती दिवसांत आजारी पडतो ते पाहायचं. ताकद जास्त तर दिवस कमी. साठ उंदीर आणि एक वर्ष यांच्या जागी चार हॅमस्टर आणि साधारण सत्तर दिवस. माझ्या मते या सगळ्या कारकिर्दीतली खरी कलाटणी हीच. नोबेलच्या बातमीत तिच्याबद्दल कुणी लिहीत नाही, पण हॅमस्टर नसते तर प्रुसिनर निवृत्त होईतो पहिल्याच पायरीवर राहिले असते.

जसजसा नमुना शुद्ध होत गेला, तसतसं त्यात प्रथिनच प्रथिन सापडायला लागलं. प्रथिन खाणाऱ्या एन्झाइमनं आणि प्रथिन बिघडवणाऱ्या रसायनांनी रोगाची ताकद घटे. जनुकाचा धागा तोडणाऱ्यांनी घटत नसे. नेमक्या याच सुमाराला त्यांचं अनुदान एका मोठ्या संस्थेनं थांबवलं आणि विद्यापीठानं कायम नेमणूक नाकारली. नेमणुकीचा निर्णय पुढे फिरला. पैसा सरकारी संस्थेकडून आला, काही दात्यांकडून आला, आणि बराचसा आर. जे. रेनॉल्ड्स या सिगारेट कंपनीकडून आला. बिड्या वळून संसार चालवणाऱ्या बायकांच्या गावात हे सांगताना थोडं अवघडल्यासारखं होतं, पण झालं ते असं आहे.

एप्रिल १९८२ मध्ये त्यांनी 'सायन्स' नियतकालिकात लेख लिहिला आणि या नव्या प्रकारच्या रोगकारकाला प्रायॉन हे नाव दिलं. विषाणूवाले चिडले. पुरावा पूर्ण व्हायच्या आतच नाव देऊन हा माणूस श्रेय लाटतोय, असा सूर होता. थोडं खरंही असावं; प्रुसिनर भिडस्त म्हणून कधीच ओळखले गेले नाहीत.

चिडण्याला शास्त्रीय कारणही होतं. आपल्याला माहीत असलेला प्रत्येक जंतू, प्रत्येक विषाणू, डीएनए किंवा आरएनएच्या जोरावर आपली पिलावळ वाढवतो. प्रथिनात असली काही नोंद नसते. मग ते वाढतं कसं? १९८५ च्या सुमाराला उत्तराचा अर्धा भाग हाती आला, आणि तो कुणालाच अपेक्षित नव्हता. त्या प्रथिनाचं जनुक शोधायला गेले, तर ते रोगकारकात नव्हतंच. ते निरोगी हॅमस्टरच्या स्वतःच्या पेशीत होतं. उंदरात होतं. माणसात होतं. तुमच्या-माझ्या विसाव्या गुणसूत्रावर ते आत्ता आहे, आणि मेंदूतल्या पेशी त्यावरून रोज ते प्रथिन बनवत आहेत. शरीर त्याच्याशी लढत का नाही, ताप का येत नाही, याचा उलगडाही इथेच होतो. परका कुणी नाहीच, घरचाच आहे.

मग घरचा माणूस बिघडतो म्हणजे काय होतं? चाटी गल्लीतल्या एखाद्या दुकानात चादरींचा गठ्ठा पाहा. प्रत्येक चादरीचं सूत तेच, वीण तीच, माप तेच; घडी बरोबर असेल तर गठ्ठा सरळ बसतो. एकीची घडी वाकडी पडली, तर चादर बदलली नाही, सूत बदललं नाही, तरी ती गठ्ठ्यात बसत नाही. प्रथिनाचंही असंच आहे. ते म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी, आणि तिला ठरावीक घडी पडली तरच ती आपलं काम करते. प्रायॉनमध्ये साखळी तीच, घडी वेगळी. निरोगी प्रथिनात बरेचसे भाग नागमोडी पिळाचे असतात, बिघडलेल्यात ते सपाट पट्ट्यांचे होतात. चादरीशी साम्य एवढंच. चादर शेजारच्या चादरीची घडी बिघडवत नाही, प्रायॉन बिघडवतो. वाकड्या घडीचं प्रथिन सरळ प्रथिनाला चिकटतं आणि त्याला आपल्यासारखं करतं. मग ती दोन आणखी दोघांना. सपाट पट्ट्या एकमेकींवर घट्ट बसून लांब धागे होतात, धागे तुटतात, प्रत्येक तुकडा नवं टोक घेऊन पुढे कामाला लागतो. पेशीला हा कचरा पचवता येत नाही, कारण प्रथिन कापणाऱ्या एन्झाइमना या घडीत पुरता शिरकाव मिळत नाही. पेशी मरतात, भोकं पडतात. डीएनए नसताना "वाढ" होते ती अशी: नवं काही तयार होत नाही, असलेलं बिघडत जातं.

हे खरं असेल तर एक गोष्ट व्हायलाच हवी. ज्या प्राण्यात ते प्रथिनच नाही, त्याला रोग होता कामा नये, कारण बिघडवायला माल कुठे आहे? झुरिकच्या चार्ल्स वाइसमान यांच्या गटानं ते जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले आणि त्यांना स्क्रेपी टोचली. १९९३ मध्ये निकाल आला: उंदीर ठणठणीत. विषाणूच्या बाजूनं अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या लॉरा मॅन्युएलिडिस यांच्यासारखे काही जण पुढेही वाद घालत राहिले, पण बहुतेकांच्या दृष्टीनं प्रश्न तिथेच मिटला. १९९७ चं वैद्यकाचं नोबेल प्रुसिनर यांना एकट्याला मिळालं, जे हल्ली क्वचित होतं. ग्रिफिथ, आल्पर, हॅडलो, वाइसमान यांची नावं त्यासोबत आली असती तर चित्र जास्त खरं झालं असतं, असं मला वाटतं.

त्या आधीच्या दहा वर्षांत ब्रिटनमध्ये काय झालं ते थोडक्यात. १९८६ मध्ये तिथल्या गायींत स्पंजासारख्या मेंदूचा आजार ओळखला गेला, वर्तमानपत्रांनी त्याला वेड्या गायीचा रोग म्हटलं. मेलेल्या जनावरांचं मांस-हाडं दळून ते गायींनाच खुराक म्हणून घालत होते. १९९६ मध्ये सरकारनं कबूल केलं की अशा आजारी गायींचं मांस खाल्लेल्या माणसांना सीजेडीचा एक नवा प्रकार झालेला असावा. ब्रिटनमध्ये त्यानं पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. आपली जनावरं कडबा आणि सरकीची पेंड खातात. भारतात या आजाराचा धोका नगण्य असल्याचं जागतिक पशुआरोग्य संघटनेनंही मान्य केलेलं आहे.

आता वहिनींच्या सासूबाईंकडे. सीजेडी दुर्मिळ आहे: जगभरात दर दहा लाख माणसांमागे वर्षाला एक ते दोन रुग्ण. २०११ च्या जनगणनेत सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या ४३ लाख होती. त्या हिशोबानं जिल्ह्यात वर्षाला चार ते आठ-नऊ रुग्ण निघायला हवेत. पैकी बहुतेकांना तो आपोआप होतो, ना कुणाकडून आला ना कशानं आला. दहा-पंधरा टक्क्यांत जनुकातल्या दोषानं, म्हणजे वंशपरंपरेनं येतो. बाहेरून आलेले अगदी मोजके. सासूबाईंना जे आहे ते सीजेडी नाही, अल्झायमर आहे, आणि तिथे प्रथिनं दुसरी: बीटा अमायलॉइड आणि टाऊ. कंपवातात, ज्याला आपण पार्किन्सन म्हणतो, अल्फा सिन्युक्लिन.

या प्रथिनांचीही घडीच बिघडते, आणि बिघाड मेंदूत एका भागातून शेजारच्या भागात सरकत जातो. २००८ मध्ये एक बोलका पुरावा मिळाला. पार्किन्सनच्या काही रुग्णांच्या मेंदूत दहा-पंधरा वर्षांपूर्वी गर्भाच्या निरोगी पेशी बसवल्या होत्या. रुग्ण वारल्यावर पाहिलं तर त्या तरुण, परक्या पेशींतही पार्किन्सनच्या गाठी झालेल्या. शेजारच्या आजारी पेशींकडून बिघाड त्यांच्यात गेला, याखेरीज दुसरं स्पष्टीकरण देणं जड जातं. प्रुसिनर एवढ्यावरून अल्झायमर आणि पार्किन्सनलाही सरळ प्रायॉनचे आजार म्हणतात. मी इथे त्यांच्याबरोबर जाणार नाही. बरेच संशोधक 'प्रायॉनसारखे' असं सावधपणे म्हणतात. एका मेंदूच्या आत बिघाड पेशीतून पेशीत जाणं निराळं आणि माणसातून माणसात रोग जाणं निराळं. शास्त्रज्ञ दोन्हीला एक शब्द वापरतात, आणि त्याची किंमत जुळे सोलापुरातल्या एका आजीला वेगळ्या ताटाच्या रूपात मोजावी लागते.

प्रायॉनची खरी सावधगिरी दवाखान्याच्या आत लागते. मेंदूच्या शस्त्रक्रियेची हत्यारं नेहमीच्या उकळण्यानं किंवा साध्या ऑटोक्लेव्हनं, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या यंत्रानं, प्रायॉनमुक्त होत नाहीत. तीव्र कॉस्टिक सोडा आणि १३४ अंशांची वाफ अशी जास्तीची व्यवस्था लागते. घरच्यांनी लक्ष ठेवायचं ते वेगावर. विसरणं वर्षांमध्ये नव्हे तर आठवड्यांमध्ये वाढत असेल, सोबत चालताना झोक जात असेल, हातपाय अचानक दचकल्यासारखे उडत असतील, तर "वय झालं" म्हणून घरी बसवू नका. सिव्हिलला न्या, नाही तर मेंदूविकाराच्या डॉक्टरांकडे न्या. एमआरआय, ईईजी आणि पाठीच्या मणक्यातलं पाणी तपासून सीजेडी आहे का याचा बराच अंदाज येतो. बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या राष्ट्रीय संस्थेत या आजाराची देशपातळीवर नोंद ठेवतात, आणि सोलापूरहून बेंगळुरूला थेट गाडी आहे. घाई करायची ती सीजेडीच्या भीतीनं नाही. असं झपाट्यानं भ्रमिष्ट होण्यामागे बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, मेंदूला आलेली सूज, किंवा डोक्याला लागून आत साचलेलं रक्त असू शकतं. ही सगळी बरी होणारी कारणं आहेत आणि ती वेळेत सापडली तरच बरी होतात.

सीजेडीवर मात्र औषध नाही. प्रुसिनर यांच्या गटानं मलेरियाचं जुनं औषध क्विनाक्रिन वापरून पाहिलं. काचेच्या नळीतल्या पेशींत ते चाललं, रुग्णांचं आयुष्य त्यानं वाढलं नाही. आज आशा आहे ती त्या १९९३ च्या ठणठणीत उंदरांवर. प्रथिनाशिवाय उंदीर चांगले जगतात, तर माणसात ते प्रथिन निदान कमी करून पाहावं. अमेरिकेतल्या सोनिया वल्लभ या कायद्याच्या पदवीधर. त्यांची आई २०१० मध्ये वंशपरंपरेनं येणाऱ्या प्रायॉन आजारानं गेली. दुसऱ्या वर्षी तपासणीत कळलं की तोच दोष त्यांच्यातही आहे. त्यांनी आणि त्यांचे पती एरिक मिनिकेल यांनी आपापली क्षेत्रं सोडली, जीवशास्त्र पहिल्यापासून शिकले, आणि आता बॉस्टनजवळच्या ब्रॉड इन्स्टिट्यूटमध्ये याच प्रश्नावर प्रयोगशाळा चालवतात. जनुकाकडून प्रथिन बनवण्याचा निरोप घेऊन येणारा आरएनए मध्येच तोडणारी औषधं त्यांनी सहकाऱ्यांबरोबर उंदरांवर तपासली. आजारी उंदीर जास्त जगले. तशाच एका औषधाची रुग्णांवरची पहिली चाचणीही सुरू झालेली आहे. औषध पाठीच्या मणक्यातून द्यायचं आणि आधी एवढंच पाहायचं, की ते सोसतं का आणि मणक्याच्या पाण्यातलं प्रथिन खरंच घटतं का.